घनकचरा आणि केंद्र सरकार: कोणत्या खात्याकडे काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कचरा उचलणारी गाडी महापालिकेची, नियम दिल्लीचे, पैसा थोडा केंद्राचा आणि थोडा राज्याचा. अशा व्यवस्थेत काही अडले की प्रत्येक कार्यालय दुसऱ्याकडे बोट दाखवते. नगरसेवक, गृहनिर्माण संस्थांचे पदाधिकारी, ग्रामसेवक, पत्रकार आणि जागरूक नागरिक जे प्रश्न नेहमी विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. खात्यांची नावे पाठ करण्यापेक्षा कोणाच्या हातात कोणता निर्णय आहे हे कळणे जास्त उपयोगाचे आहे. म्हणून भर त्यावर ठेवला आहे.

कचरा हा केंद्राचा विषय आहे की राज्याचा?

मूळ विषय राज्याचा. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत सहाव्या क्रमांकावर सार्वजनिक आरोग्य आणि स्वच्छता आहे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची आली. तिच्यात शहरी संस्थांकडे सोपवण्याचे १८ विषय आहेत आणि सहाव्या विषयात घनकचरा व्यवस्थापनाचा नावानिशी उल्लेख आहे. ग्रामपंचायतींसाठीच्या अकराव्या अनुसूचीत २३ वा विषय आरोग्य व स्वच्छता हा आहे.

मग केंद्र नियम कसे काय करते? पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ च्या आधारे. आंतरराष्ट्रीय करार आणि परिषदांमधील निर्णय अमलात आणण्यासाठी संसदेला कोणत्याही विषयावर कायदा करता येतो, अशी तरतूद घटनेच्या अनुच्छेद २५३ मध्ये आहे. १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेचा हवाला देऊन हा अधिनियम झाला. त्यामुळे केंद्राचा कचऱ्यावरचा अधिकार प्रदूषण रोखण्याच्या वाटेने येतो. केंद्र मानके ठरवते, मुदती घालते, निधी देते. झाडू, घंटागाडी, कामगारांचे पगार आणि डेपोची जागा हे सगळे राज्य व स्थानिक संस्थेकडे राहते. पुढची बहुतेक उत्तरे या विभागणीतूनच निघतात.

केंद्रात कचऱ्याचे मुख्य खाते नेमके कोणते?

एक नाही. नियम करणारे खाते वेगळे आणि पैसा देणारे खाते वेगळे.

पर्यावरण, वन आणि हवामान बदल मंत्रालय अधिसूचना काढते आणि अंमलबजावणीवर देखरेख ठेवते. गृहनिर्माण आणि शहरी व्यवहार मंत्रालय राष्ट्रीय धोरण आखते, तांत्रिक मार्गदर्शन करते, प्रशिक्षण देते आणि स्वच्छ भारत अभियान (शहरी) मधून प्रकल्पांना निधी पुरवते. या मंत्रालयाची तांत्रिक शाखा म्हणजे केंद्रीय सार्वजनिक आरोग्य व पर्यावरण अभियांत्रिकी संघटना. तिने २०१६ मध्ये काढलेली नगरपालिका घनकचरा व्यवस्थापनाची मार्गदर्शिका प्रकल्प अहवाल तयार करणारे अभियंते आजही हाताशी ठेवतात. ग्रामीण भागासाठी जलशक्ती मंत्रालयाचा पेयजल व स्वच्छता विभाग हेच काम करतो.

या तिघांखेरीज रसायने व खते, कृषी, ऊर्जा आणि नवीन व नवीकरणीय ऊर्जा या मंत्रालयांवर २०१६ च्या नियमांनी नेमकी कामे सोपवली होती. या खात्यांची चर्चा कमी होते. पण वर्गीकरण करून झालेल्या कचऱ्याचे पुढे काय होणार, हे बहुतांशी त्यांच्याच निर्णयांवर ठरते.

सध्या कोणते नियम लागू आहेत? २०१६ चे की २०२६ चे?

क्रम असा: पहिले राष्ट्रीय नियम २००० साली आले. ८ एप्रिल २०१६ रोजी घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ अधिसूचित झाले. जानेवारी २०२६ मध्ये घनकचरा व्यवस्थापन नियम, २०२६ आले आणि त्यांच्या अंमलासाठी १ एप्रिल २०२६ ही तारीख ठरली. म्हणजे त्या तारखेपासून २०२६ चे नियम.

घरोघरी जाणवणारा बदल वर्गीकरणातला आहे. २०१६ मध्ये तीन भाग होते: ओला, सुका आणि घरगुती घातक. नव्या नियमांत चार आहेत: ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजी घेण्याचा कचरा. वापरलेले डायपर व पॅड सॅनिटरी कचऱ्यात जातात. रंगाचे डबे, बल्ब, पारा असलेले थर्मामीटर, जुनी औषधे हे चौथ्या भागात.

मोठ्या सोसायट्या, हॉटेले आणि संस्थांसाठी मोठा कचरा उत्पादक ही व्याख्याही बदलली. पूर्वी दिवसाला सरासरी १०० किलोपेक्षा जास्त कचरा हा एकच निकष होता. आता २०,००० चौरस मीटर किंवा अधिक चटईक्षेत्र, दिवसाला ४०,००० लिटर किंवा अधिक पाणीवापर, किंवा दिवसाला १०० किलो किंवा अधिक कचरा, यांपैकी एक निकष लागू झाला तरी पुरे. हा बदल योग्यच आहे. "आमचा कचरा ९० किलोच होतो" असे सांगून अनेक संस्था सुटत होत्या, आणि रोज वजन करायला जाणार कोण? चटईक्षेत्र आणि पाण्याचे मीटर लपवता येत नाहीत.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ आमच्या नगरपरिषदेवर कारवाई का करत नाही?

कारण नगरपरिषदेशी थेट संबंध राज्य मंडळाचा असतो. महाराष्ट्रात तो महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचा. प्रक्रिया प्रकल्प आणि क्षेपणभूमीला (उरलेला कचरा पुरण्याच्या जागेला) प्राधिकारपत्र देणे, तपासणी करणे, नमुने घेणे, नोटीस बजावणे ही कामे राज्य मंडळाची आहेत.

केंद्रीय मंडळ १९७४ च्या जल अधिनियमाखाली स्थापन झाले. कचऱ्याबाबत त्याची कामे मानके ठरवणे, मार्गदर्शक तत्त्वे काढणे, राज्य मंडळांत समन्वय राखणे आणि देशभरचा वार्षिक अहवाल तयार करणे ही आहेत. जल अधिनियमाच्या कलम १८ नुसार ते राज्य मंडळाला निर्देश देऊ शकते. त्यामुळे केंद्रीय मंडळाकडे केलेली तक्रार बहुतेक वेळा राज्य मंडळाकडेच पाठवली जाते. आधी राज्य मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयात लेखी तक्रार द्यावी आणि तिची पोच जोडून वर जावे. थेट दिल्लीला लिहिले तर कागद फिरून तिथेच येतो, मधला वेळ मात्र जातो.

खत मंत्रालयाचा कचऱ्याशी काय संबंध?

फार जवळचा. ओल्या कचऱ्याचे कंपोस्ट करणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. ते विकणे अवघड आहे. म्हणून २०१६ च्या नियमांनी खत विभागावर दोन कामे टाकली: शहरी कंपोस्टसाठी बाजार विकास साहाय्य देणे, आणि खत कंपन्यांनी ६ ते ७ पोती रासायनिक खताबरोबर ३ ते ४ पोती कंपोस्ट विकावे यासाठी प्रयत्न करणे. फेब्रुवारी २०१६ च्या धोरणानुसार हे साहाय्य टनामागे १,५०० रुपये होते. शहरी कंपोस्टची ती योजना पुढे संपली. जून २०२३ मध्ये गोबरधन, म्हणजे शेण व जैविक कचऱ्यापासून बायोगॅस करणाऱ्या, प्रकल्पांतून तयार होणाऱ्या सेंद्रिय खतासाठी त्याच दराने नवे साहाय्य मंजूर झाले.

गुणवत्तेचा भाग कृषी मंत्रालयाकडे आहे. १९८५ च्या खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टचे निकष आहेत: ओलावा १५ ते २५ टक्के, कर्ब-नत्र गुणोत्तर २० पेक्षा कमी, शिसे किलोमागे कमाल १०० मिलिग्रॅम, कॅडमियम कमाल ५ मिलिग्रॅम. या निकषांत न बसणारा माल खत म्हणून विकता येत नाही.

बिघडते कुठे ते पाहा. मिश्र कचऱ्यातून केलेल्या कंपोस्टमध्ये काचेचा चुरा, प्लास्टिकचे तुकडे आणि सेल-बॅटऱ्यांतून आलेले जड धातू राहतात. चाळणीने काच आणि प्लास्टिक बरेचसे निघते, धातू निघत नाहीत. त्यावर उपाय एकच, ओला कचरा पहिल्यापासून वेगळा ठेवणे. दुसरी अडचण वाहतुकीची. कंपोस्टमध्ये नत्र, स्फुरद, पालाश मिळून दीड टक्का धरला तर टनभर खतात १५ किलो पोषकद्रव्ये होतात. ४५ किलोच्या युरियाच्या एका पोत्यात ४६ टक्के म्हणजे २० किलोंहून अधिक नत्र असते, आणि युरियावर मोठे अनुदान आहे. कंपोस्टचा खरा फायदा जमिनीतला सेंद्रिय कर्ब वाढण्यात आहे, पण तो पोत्यावरच्या आकड्यात दिसत नाही. नगरपरिषदेच्या आवारात कंपोस्टचे ढीग पडून राहतात त्याची कारणे ही आहेत, आणि त्यातले वर्गीकरण सोडले तर बाकीचे मुख्याधिकाऱ्यांच्या अखत्यारीत नाही. खतविक्रीची घडी दिल्लीतच बसायला हवी.

कचऱ्यापासून वीज करण्याचा निर्णय कोण घेतो?

प्रकल्प उभारायचा की नाही हे स्थानिक संस्था व राज्य ठरवते. तो आर्थिकदृष्ट्या तगेल का, हे मात्र ऊर्जा खात्यांच्या निर्णयांवर अवलंबून असते. अशा विजेचा दर ठरवून घेणे आणि वितरण कंपन्यांना ती सक्तीने घ्यायला लावणे हे काम २०१६ च्या नियमांनी ऊर्जा मंत्रालयाकडे दिले. त्याच वर्षीच्या सुधारित वीजदर धोरणात राज्यातील अशा प्रकल्पांची सर्व वीज वितरण कंपन्यांनी घ्यावी, असे आले. प्रकल्पांना अनुदान किंवा प्रोत्साहन देण्याचे काम नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाचे.

अपयशाचे कारण मात्र बहुधा कचऱ्यातच असते. आपल्या मिश्र कचऱ्यात ओल्याचा वाटा निम्म्याच्या आसपास असतो. भट्टीतली बरीच उष्णता पाणी उडवण्यातच जाते. दिल्लीतील तिमारपूरचा प्रकल्प १९८७ मध्ये सुरू झाला आणि कचऱ्याचे उष्मांकमूल्य अपेक्षेपेक्षा कमी निघाल्याने काही आठवड्यांतच बंद पडला. त्या अनुभवाला आता चार दशके होत आली, तरी मिश्र कचरा जाळण्याचे प्रस्ताव येतच राहतात. २०१६ च्या नियमांतली रेषा लक्षात ठेवावी: किलोमागे १,५०० किलोकॅलरी किंवा त्याहून जास्त उष्मांक असलेला, पुनर्वापर न होणारा कचरा क्षेपणभूमीत टाकायचा नाही. म्हणजे जाळण्यासाठी आहे तो सुका, उरलेला भाग. ओल्याची जागा तिथे नाही.

ओल्या कचऱ्यासाठी दुसरा रस्ता बायोगॅसचा, आणि तिथे आणखी एक मंत्रालय येते. पेट्रोलियम व नैसर्गिक वायू मंत्रालयाने १ ऑक्टोबर २०१८ रोजी 'सतत' (SATAT) नावाची योजना सुरू केली. तिच्यात सरकारी तेल कंपन्या संपीडित बायोगॅस विकत घेतात. शहरी गॅस वितरणात हा वायू मिसळण्याचे बंधन २०२५-२६ मध्ये १ टक्क्यापासून सुरू होऊन २०२८-२९ पर्यंत ५ टक्क्यांवर जाणार आहे. खरेदीदार ठरलेला असला की कर्ज देणाऱ्या बँकेचे उत्तर बदलते. म्हणून हे टक्के महत्त्वाचे आहेत.

सिमेंट कारखान्यांना कचरा घेणे बंधनकारक आहे का?

कचरा नव्हे, कचऱ्यापासून तयार केलेले इंधन, म्हणजे आरडीएफ. ज्या कारखान्यांत घन इंधन वापरले जाते आणि जे आरडीएफ प्रकल्पापासून १०० किलोमीटरच्या आत आहेत, त्यांनी इंधनाचा किमान ५ टक्के भाग आरडीएफने भरून काढावा, असे २०१६ चे नियम सांगत होते. २०२६ च्या नियमांत हे प्रमाण सहा वर्षांत ५ वरून १५ टक्क्यांपर्यंत न्यायचे आहे.

कारखाने आरडीएफ परत पाठवतात त्याची नेहमीची कारणे दोन: ओलावा आणि क्लोरीन. पीव्हीसीचे तुकडे राहिले तर क्लोरीन वाढते आणि भट्टीच्या आधीच्या तापन-मनोऱ्यात थर साचून वायूचा मार्ग चोंदतो. पावसाळ्यात उघड्यावर ठेवलेले आरडीएफ भिजून निकामी होते. त्यामुळे साठवणुकीची शेड हा प्रकल्पखर्चाचा भाग धरला पाहिजे. अंतराचा प्रश्नही खरा आहे. महाराष्ट्रातले अनेक सिमेंट कारखाने चंद्रपूर-यवतमाळ पट्ट्यात आहेत आणि मुंबई-पुण्याचा कचरा तिथून शेकडो किलोमीटरवर. वाहतुकीचा खर्च कोणी सोसायचा हे करारात आधी लिहून घ्यावे. नाहीतर तयार गठ्ठे डेपोतच राहतात आणि तिथेच त्यांना आग लागते.

पैसा कुठून येतो आणि तो कशासाठी वापरता येतो?

शहरांसाठी मुख्य स्रोत स्वच्छ भारत अभियान (शहरी) २.०. ते १ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाले. एकूण आराखडा १,४१,६०० कोटी रुपयांचा, त्यात राज्यांचा वाटाही धरलेला. घनकचरा प्रकल्पात केंद्राचा वाटा लोकसंख्येनुसार ठरतो: दहा लाखांवरील शहरांना २५ टक्के, एक ते दहा लाखांच्या शहरांना ३३ टक्के, एक लाखाखालील शहरांना ५० टक्के. ईशान्य व हिमालयीन राज्यांना ९० टक्के.

दुसरा स्रोत वित्त आयोगाचे अनुदान. १५ व्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी दहा लाखांखालील शहरांच्या अनुदानातील ६० टक्के रक्कम बंधित ठेवली. त्यातील निम्मी पाण्यासाठी, निम्मी स्वच्छता व घनकचऱ्यासाठी.

अभियानाचा निधी प्रकल्प उभारणीचा असतो: यंत्रे, शेड, जुन्या ढिगांचे बायोमायनिंग, म्हणजे ते खणून, चाळून वेगळे करणे. प्रकल्प चालवण्याचा रोजचा खर्च त्यातून भागत नाही. मजूर, वीज, डिझेल, चाळणीचे बदलावे लागणारे भाग हे सगळे नगरपरिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नातून, म्हणजे मालमत्ता कर आणि वापरकर्ता शुल्कातून भागवायचे असते. यंत्र नवे असताना फोटो निघतात, आणि दोन वर्षांनी त्याच यंत्रावर गवत उगवते, ते यामुळे. प्रकल्प अहवाल वाचताना पहिली नजर दहा वर्षांच्या चालवण्याच्या खर्चावर टाकावी. तो तक्ता नसेल तर मंजुरीला हरकत घ्यावी.

गावातल्या कचऱ्याचे काय?

पेयजल व स्वच्छता विभागाच्या स्वच्छ भारत अभियान (ग्रामीण) च्या दुसऱ्या टप्प्यात घनकचऱ्यासाठी माणशी निधीचे निकष आहेत: ५,००० पर्यंत लोकसंख्येच्या गावाला माणशी ६० रुपये, त्याहून मोठ्या गावाला माणशी ४५ रुपये. प्लास्टिक कचरा व्यवस्थापन केंद्रासाठी तालुक्याला १६ लाख रुपयांपर्यंत. २,००० वस्तीच्या गावाला माणशी निकषाने १ लाख २० हजार मिळतात. त्यात कंपोस्ट खड्डे, वर्गीकरणाची छोटी शेड आणि तीनचाकी सायकल बसते. मोटार गाडी बसवायची तर वित्त आयोगाच्या बंधित निधीची जोड द्यावी लागते आणि तशी तरतूद गावविकास आराखड्यात आधीच असावी लागते.

शहरालगतची गावे मात्र कात्रीत सापडतात. वस्ती शहरी झालेली असते, प्रशासन ग्रामपंचायतीचेच राहते. जनगणनेने शहर मानलेल्या अशा गावांना २०१६ च्या नियमांनी शहरांचीच कर्तव्ये लावली. निधी मात्र ग्रामीण निकषानेच येतो. अशा ठिकाणी जिल्हाधिकाऱ्यांकडे सामायिक प्रकल्पाची मागणी करणे हा व्यवहार्य मार्ग आहे. जागा शोधून देणे आणि स्थानिक संस्थांच्या कामाचा तीन महिन्यांतून एकदा तरी आढावा घेणे ही त्या नियमांनी जिल्हाधिकाऱ्यांवर टाकलेली जबाबदारी होती.

दवाखान्याचा कचरा, ई-कचरा, बॅटऱ्या, राडारोडा यांना हेच नियम लागतात का?

नाही. प्रत्येकाचा नियमसंच वेगळा आणि सोबतची खातीही वेगळी.

जैववैद्यकीय कचऱ्याला २०१६ चे स्वतंत्र नियम आहेत. प्रक्रिया न केलेला कचरा ४८ तासांपेक्षा जास्त साठवता येत नाही. रुग्णालयांवर देखरेख राज्य मंडळाची, पण सैन्यदलांच्या रुग्णालयांसाठी सशस्त्र दल वैद्यकीय सेवा महासंचालक हेच विहित प्राधिकारी आहेत.

ई-कचऱ्याचे नियम २०२२ चे, लागू १ एप्रिल २०२३ पासून. नोंदणी थेट केंद्रीय मंडळाच्या पोर्टलवर. उत्पादकांना पुनर्चक्रणाचे उद्दिष्ट ६० टक्क्यांपासून सुरू होऊन २०२७-२८ पासून ८० टक्के आहे. बॅटऱ्यांचे नियमही २०२२ चे. त्यात उत्पादकांची नोंदणी केंद्रीय मंडळाकडे आणि पुनर्चक्रण करणाऱ्यांची राज्य मंडळाकडे होते.

राडारोड्याचे पहिले नियम २०१६ चे, नवे २०२५ मध्ये अधिसूचित होऊन १ एप्रिल २०२६ पासून लागू. राडारोड्यातून काढलेली खडी वापरायची मानके भारतीय मानक ब्युरो आणि इंडियन रोड्स काँग्रेस यांनी ठरवायची. निविदेत त्या मानकांचा उल्लेख नसेल तर कंत्राटदार ती खडी घेत नाही, कारण बिल अडकते.

मोडीत काढायच्या वाहनांची केंद्रे रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२१ च्या नियमांखाली आणि उत्पादकांची जबाबदारी पर्यावरण मंत्रालयाच्या २०२५ च्या नियमांखाली. जहाजे तोडण्याचे काम २०१९ च्या अधिनियमानुसार नौवहन महासंचालकांच्या कक्षेत. किरणोत्सारी कचरा या सगळ्याच्या बाहेर आहे. त्यासाठी १९६२ चा अणुऊर्जा अधिनियम, १९८७ चे नियम आणि अणुऊर्जा नियामक मंडळ.

प्लास्टिकच्या वेष्टनाची जबाबदारी कंपनीवर कोण टाकतो?

प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ आणि त्यांची १६ फेब्रुवारी २०२२ ची दुरुस्ती. तिच्यानुसार उत्पादक, आयातदार आणि ब्रँड-मालक यांनी बाजारात आणलेल्या वेष्टनाइतकी जबाबदारी उचलायची. दोनपेक्षा जास्त राज्यांत व्यवसाय असेल तर नोंदणी केंद्रीय मंडळाकडे, एक किंवा दोन राज्यांत असेल तर त्या राज्य मंडळाकडे.

ही व्यवस्था प्रमाणपत्रांवर चालते. पुनर्चक्रण करणारा जितके प्लास्टिक हाताळतो तितकी प्रमाणपत्रे तयार होतात आणि कंपन्या ती विकत घेतात. कमकुवत दुवा हाच. प्रत्यक्ष क्षमतेपेक्षा जास्त मालाची प्रमाणपत्रे काढल्याचे प्रकार केंद्रीय मंडळाच्या तपासणीत आढळले आहेत. वीजबिल, यंत्राची ताशी क्षमता आणि वस्तू व सेवा कराची बिले यांचा मेळ घातला की खोटेपणा लवकर उघडा पडतो. असा मेळ घालणारी माणसे राज्य मंडळांत पुरेशी नसणे ही या योजनेची सगळ्यात मोठी उणीव आहे.

राज्य केंद्रापेक्षा कडक नियम करू शकते का?

हो. महाराष्ट्राने २३ मार्च २०१८ ची प्लास्टिक व थर्माकोलबंदीची अधिसूचना राज्याच्या २००६ च्या अविघटनशील कचरा अधिनियमाखाली काढली. काही एकल-वापर वस्तूंवर केंद्राची देशव्यापी बंदी १ जुलै २०२२ रोजी आली. केंद्राच्या मानकांपेक्षा सैल नियम मात्र राज्याला करता येत नाहीत.

रेल्वे स्थानक, कटक मंडळ (कँटोन्मेंट), बंदर, विमानतळ: तिथला कचरा कोणाचा?

त्या त्या आस्थापनेचा. २०१६ च्या नियमांनी रेल्वेच्या ताब्यातील जागा, विमानतळ, बंदरे, संरक्षण आस्थापना, विशेष आर्थिक क्षेत्रे या सर्वांना कक्षेत घेतले. खडकी, देहूरोड, देवळाली यांसारखी कटक मंडळे २००६ च्या कटक अधिनियमाखाली संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत चालतात. तिथल्या तक्रारी शेजारच्या महापालिकेकडे केल्यास परत येतात. रुळांलगतचा कचरा हा कायमचा वाद आहे, कारण जमीन रेल्वेची आणि कचरा टाकणारी वस्ती महापालिकेच्या हद्दीतली. अशा जागेसाठी दोन्ही कार्यालयांना एकाच पत्रात, एकमेकांना प्रत देऊन लिहावे. दोन वेगळी पत्रे गेली की दोन वेगळी "आमच्या हद्दीत नाही" अशी उत्तरे येतात.

एवढ्या खात्यांत मेळ कोण घालतो?

कागदावर केंद्रीय देखरेख समिती. २०१६ च्या नियमांनुसार पर्यावरण सचिव तिचे अध्यक्ष. शहरविकास, ग्रामविकास, रसायने व खते आणि कृषी मंत्रालयांचे सहसचिव, केंद्रीय मंडळ, फिरत्या क्रमाने काही राज्य मंडळे आणि स्थानिक संस्था, उद्योग संघटना व तज्ज्ञ तिचे सदस्य. वर्षातून किमान एकदा बैठक. कंपोस्टचा दर, विजेचा दर आणि आरडीएफची वाहतूक असे गुंतलेले प्रश्न वर्षातल्या एका बैठकीत सुटणे कठीण आहे.

प्रत्यक्षात दडपण न्यायालयांतून आले. अल्मित्रा पटेल यांनी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या याचिकेतून २००० चे नियम आले. तेच प्रकरण पुढे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे गेले आणि २२ डिसेंबर २०१६ च्या आदेशाने उघड्यावर कचरा जाळणाऱ्यास ५,००० रुपये, मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये भरपाई ठरली. सप्टेंबर २०२२ मध्ये याच न्यायाधिकरणाने घन व द्रव कचऱ्याच्या हाताळणीतील त्रुटींसाठी महाराष्ट्रावर सुमारे १२,००० कोटी रुपयांची भरपाई लावली.

देशाचे आकडे तयार कसे होतात? त्यांवर विश्वास ठेवावा का?

२०१६ च्या नियमांनी साखळी ठरवली होती. प्रकल्पचालकाचा अहवाल स्थानिक संस्थेकडे ३० एप्रिलपर्यंत, तिचा अहवाल राज्याकडे ३० जूनपर्यंत, राज्य मंडळाचा केंद्रीय मंडळाकडे ३१ जुलैपर्यंत आणि देशाचा एकत्रित अहवाल ३१ ऑगस्टपर्यंत. २०२६ च्या नियमांत केंद्रीकृत पोर्टलवर भर आहे.

आकडा जितका खालच्या नोंदीवर उभा, तितकाच खरा. वजनकाटा नसलेल्या गावात लोकसंख्येला माणशी ग्रॅमने गुणून "निर्माण झालेला कचरा" काढतात आणि गाड्यांच्या फेऱ्यांवरून "गोळा केलेला" कचरा. दोन्ही अंदाजच. आपल्या शहराचा अहवाल तपासायचा तर काट्याच्या पावत्या, विकलेल्या खताची बिले आणि विकलेल्या सुक्या मालाची बिले मागावीत. ५० टन ओल्या कचऱ्यावर रोज प्रक्रिया होत असल्याचा दावा असेल तर त्यातून रोज अंदाजे ७ ते १० टन खत निघायला हवे. खत कुठेच दिसत नसेल तर दावा तपासण्याजोगा आहे.

कचरावेचकांची जबाबदारी कोणत्या खात्याकडे?

त्यांना व्यवस्थेत सामावून घेणे स्थानिक संस्थेचे कर्तव्य आहे. सुरक्षासाधने, नोंदणी व विमा यांसाठी सामाजिक न्याय व अधिकारिता मंत्रालयाची नमस्ते योजना आहे. २०२४ मध्ये तिच्यात कचरावेचकांचाही समावेश झाला. ओळखपत्र देणारे सर्वेक्षण स्थानिक संस्थाच करते, म्हणून नाव राहिले असेल तर पहिला अर्ज प्रभाग कार्यालयात द्यावा.

तक्रार नेमकी कोणत्या क्रमाने करावी?

प्रश्न उचलण्याचा किंवा झाडलोटीचा असेल तर स्थानिक संस्था, किंवा शहरी व्यवहार मंत्रालयाचे स्वच्छता ॲप. छायाचित्रावर स्थळ आणि तारीख येऊ द्यावी.

प्रश्न प्रदूषणाचा असेल, म्हणजे डेपोतून झिरपणारे काळे पाणी विहिरीत येणे, धूर, आग, तर राज्य मंडळाचे उपप्रादेशिक कार्यालय. नमुना घेण्याची लेखी मागणी करावी, कारण प्रयोगशाळेच्या अहवालाशिवाय पुढची कारवाई टिकत नाही.

उत्तर न आल्यास माहितीचा अधिकार: १० रुपये शुल्क, ३० दिवसांची मुदत. प्रक्रिया प्रकल्पाचे प्राधिकारपत्र, त्यातील अटी, शेवटच्या तपासणीचा अहवाल आणि मागील वर्षाचा वार्षिक अहवाल, एवढी चार कागदपत्रे मागितली की चित्र बरेच स्पष्ट होते.

त्यानंतर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण. महाराष्ट्रासाठी पश्चिम विभागाचे खंडपीठ पुण्यात आहे. वादाचे कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. सबळ कारण असल्यास आणखी ६० दिवस मिळू शकतात. भरपाई मागायची असेल तर मुदत पाच वर्षांची आहे. अनेक चांगली प्रकरणे मुदतीवर अडतात. म्हणून पहिल्या तक्रारीची तारीख आणि पोच जपून ठेवावी. प्रतिवादी निवडताना स्थानिक संस्था, राज्य मंडळ, नगरविकास विभाग आणि जिल्हाधिकारी हे चौघे असावेत. प्रश्न खतविक्री, वीज किंवा आरडीएफचा असेल तरच केंद्रीय मंत्रालय जोडावे आणि त्या मंत्रालयाने कोणते कर्तव्य पार पाडले नाही, ते नियमाच्या क्रमांकासह लिहावे.